विमेदाराचा माणूस

पहिल्याच भेटीत मी त्यांना दलाल म्हटलं. तोंडावर म्हटलं. आमच्या जळक्या घराच्या मागच्या पायरीशी उभे राहून ते धोतराचा सोगा कमरेला खोचत होते.

"बरोबर," ते म्हणाले. "फक्त कुणाचा, तेवढं विचारायचं राहिलं. कंपनीकडे माणसं पुष्कळ आहेत. मी तुमचा." आणि सरळ आत गेले.

पनवेलात त्यांना राखेवाले म्हणत. खरं नाव ठाऊक असणारेही राखेवालेच म्हणत, आणि मीही तेच लिहिणार आहे, कारण नावाने लिहिलेलं त्यांना आवडणार नाही. ते आपट्याला राहत, पाताळगंगेच्या काठी. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, हाताने रांधून खात. पनवेलला एसटीने येत. अंगात बंद गळ्याचा कोट, खाली धोतर, पायात कॅनव्हासचे बूट आणि डोक्यावर साहेबी टोपी. त्या टोपीची कड एका अंगाने करपलेली होती. कुठल्याशा आगीतली ती खूण त्यांनी कधी दुरुस्त करून घेतली नाही. हातात छत्री. ही छत्री उघडलेली कुणी पाहिली नव्हती. घड्यांमध्ये मोजमापाची फीत आणि पेन्सिली खोचलेल्या असत, म्हणून भर पावसात हा गृहस्थ छत्री कोटाच्या आत धरून भिजत चाललेला दिसे. त्याच छत्रीच्या टोकाने ते राख उकरत.

त्यांचा धंदा काय, हे पुष्कळांना अजूनही नीट कळलेलं नाही, म्हणून सरळ सांगते. तुमच्या घराचा आगीचा विमा असला आणि घर जळालं, की कंपनी मुंबईहून आपला सर्व्हेअर पाठवते. नुकसान किती, हे तो ठरवतो. त्याचा मेहनताना कंपनीच देते. म्हणजे ज्याने पैसे द्यायचे, त्याचाच माणूस किती द्यायचे ते सांगणार, आणि ज्याचं घर जळालं तो समोर हात जोडून उभा. याला व्यवहार म्हणतात. राखेवाले या हात जोडणाऱ्याच्या बाजूने उभे राहत. स्वतःला ते ‘विमेदाराचा माणूस’ म्हणवून घेत. विमेदार म्हणजे तुम्ही आम्ही, ज्याने विमा उतरवला तो. मिळेल त्यातला दहावा हिस्सा त्यांचा, काही मिळालं नाही तर काही नाही. हे ते पहिल्या वाक्यात सांगत, ‘नमस्कार’च्याही आधी.

कुणाच्याही घरात ते मागच्या दाराने शिरत. पुढचं दार लोक पाहुण्यांसाठी ठेवतात, खरं घर मोरीपासून सुरू होतं, असं त्यांचं म्हणणं. आत शिरलं की चूल बघत आणि मग विचारत, "पाट किती?" घरात किती माणसं जेवायला बसतात ते पाटांवरून कळतं, बाकीचं सामान त्याच बेताने असतं. एका दुकानदाराने त्यांच्यापुढे नसलेल्या वस्तूंची माळ लावली, तेव्हा त्यांनी छत्री उचलली आणि काम तिथल्या तिथे सोडलं. "मी गेलेलं परत मागतो," त्याला म्हणाले. "न आलेलं मागायचं तर देवळात जा."

आणि जळलेल्या घरी ते चहा घेत नसत. त्या घरातल्या माणसांनी शेजारी नेऊन पाजला तरी नाही. बरोबर फिरकीचा तांब्या असे, त्यातलं पाणी पीत. माझ्या आईला हा पहिल्या दिवशी अपमान वाटला होता. त्यामागचं कारण आम्हाला पुष्कळ उशिरा कळलं.

आता आमच्या घराकडे येते.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, शाळेत चित्रकला शिकवत. भिडस्त म्हणजे किती? न्हाव्याने एकदा मिशीची एक बाजू जास्त कापली, तर घरी येऊन म्हणाले, "बरं झालं, हलकं वाटतंय," आणि महिनाभर तशाच मिशीने शाळेत गेले. त्यांचा एक जुना विद्यार्थी विमा एजंट झाला. "गुरुजी, बोहनी तुमच्या हातची," म्हणून तो दारात बसला. अण्णांना नाही म्हणता येईना. म्हणून पनवेलातल्या भल्या भल्या सावकारांच्या घरांचा विमा नव्हता तेव्हा एका चित्रकलेच्या मास्तरच्या घराचा होता. दर वर्षी हप्ता भरायचे, तोही ‘न भरला तर त्याला वाईट वाटेल’ म्हणून.

आमच्या घराला लागून लाकडाची वखार. चैत्रातल्या एका दुपारी वखारीला आग लागली आणि भिंत ओलांडून आमच्याकडे आली. माडी खाली आली, पुढचं घर गेलं, मागचं स्वयंपाकघर अर्धंमुर्धं उरलं. माणसं सगळी वाचली. बंब आला खरा, पण आग विझवली ती आळीतल्या बायकांच्या हंड्या-कळश्यांनी. ते उपकार मी विसरलेले नाही, विसरणारही नाही.

पण याच आळीने दुसऱ्या दिवशी काय केलं ते ऐका. जळकं घर तसंच उघडं ठेवणं अशुभ, आणि मास्तरांच्या घरच्यांनी ते रोज बघायचं तरी कसं, म्हणून सगळेजण झाडू आणि घमेली घेऊन आले. दिवसभर राबले. राख, कोळसे, फुटकी कौलं, वितळलेली भांडी, सगळं उचलून तळ्यापलीकडच्या खड्ड्यात नेऊन टाकलं. जमीन सारवली. कुणीतरी उंबऱ्याशी रांगोळीची दोन बोटंही ओढली. सर्व्हेअर आला तेव्हा त्याला काय दिसलं? चार भिंतींचे तुकडे आणि मधे स्वच्छ सारवलेलं अंगण.

तरुण होता, सभ्य होता. अण्णांनी त्याला उन्हातून आला म्हणून शेजारच्या काकींच्या पडवीत बसवलं. या काकी मूळच्या उरणकडच्या मिठागरवाल्यांच्या घरातल्या, तोंडाने तिखट, मनाने आमच्या सख्ख्या. त्यांनी चहा केला. चहा पिता पिता तो म्हणाला, "मास्तर, बरंच नुकसान झालं असेल?"

"छे, छे," अण्णा म्हणाले. "माणसं वाचली, आणखी काय हवं? फार काही गेलं नाही."

मी तिथेच उभी होते. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण आपल्याकडे असंच म्हणतात. समाचाराला आलेल्या माणसाला कुणी आपली भोकं मोजून दाखवतं का? त्याच्या जिवाला घोर नको, म्हणून आपणच त्याला धीर देतो.

कंपनीचं पत्र आलं. विमेदाराच्या स्वतःच्या सांगण्याप्रमाणे फारसं नुकसान नाही, जागेवर जळित सामान आढळलं नाही, सबब अमुक रक्कम पूर्ण फेड म्हणून मंजूर, सोबतच्या कागदावर सही करून पाठवावी. त्या रकमेत पुढच्या घराची कौलंसुद्धा आली नसती. आणि पत्र येऊन दोन दिवस होतात न होतात तोच वखारीचे शेठ आले. त्यांच्या लाकडाचा विमा होता, मुंबईचा वकील होता, त्यांना भरपाई मिळालीही होती. फार गोड बोलले. मास्तर, आता हे तुमच्याच्याने उभं राहायचं नाही, जागा मला द्या, कल्याणला तुमचे मेहुणे आहेतच. अण्णा म्हणाले, "विचार करतो." अण्णांच्या तोंडी ‘विचार करतो’ म्हणजे ‘हो’, हे शेठना ठाऊक होतं. मला आणि आईलाही ठाऊक होतं. कागदावर सही झाली की घराची जागा वखारीत जाणार आणि आम्ही कल्याणला मामाच्या दोन खोल्यांत, हे ठरल्यासारखंच होतं.

मी तेव्हा संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत पत्रकं लिहीत होते. हाताला तीच सवय. मी पत्रक लिहिलं, ‘विमा की दरोडा?’ भांडवलशाही, नफेखोरी, गोरगरिबांच्या घामाचे पैसे, सगळं त्यात होतं. छापून आणलं, एसटी स्टँडपासून बंदरापर्यंत चिकटवलं. परिणाम एवढाच झाला की शेठनी ते आपल्या वखारीत बसून गिऱ्हाइकांना मोठ्याने वाचून दाखवलं. "मास्तरांची मुलगी लिहिते छान," म्हणाले.

आईने माझं पत्रक वाचलं नाही. ती मोहल्ल्यात भाताच्या गिरणीवाल्या चाचांकडे गेली. त्यांची गिरणी मागे जळाली होती आणि पुन्हा उभी राहिली होती. चाचा तिला म्हणाले, "भाभी, आपट्याच्या त्या राखेवाल्याला बोलवा. जबान कडवी आहे त्याची, पण नियत साफ. फक्त तो सांगेल ते करा, हुज्जत घालू नका." आईने अण्णांना न विचारता निरोप धाडला. माझ्या आईबद्दल वेगळं लिहायला हवं.

तर ते मागच्या दाराने आत गेले, आणि सारवलेली जमीन बघून जागीच थांबले.

"हे कुणी केलं?"

"सगळी आळी आली होती मदतीला," आई कौतुकाने म्हणाली.

"आळीला बोलवा."

आळी जमली. राखेवाल्यांनी टोपी काढली, सगळ्यांना नमस्कार केला आणि सांगितलं, जे जे नेलंत ते ते परत आणा. क्षणभर कुणाला काही समजेना. मग काकींनी तोंड उघडलं.

"आमी दिवसभर राबून झाडला, नि हा बाबा सांगतोय परत आणा. डोका फिरलाय काय याचा?"

"काकी, तुमचं झाडणं फार चांगलं," ते म्हणाले. "इतकं चांगलं, की अर्धं घर आगीने नेलं आणि उरलेलं तुम्ही नेलंत."

"मेल्या," काकी म्हणाल्या, पण पहिलं घमेलं त्यांनीच उचललं.

पनवेलच्या लोकांनी असं दृश्य कधी पाहिलं नसेल. तीच माणसं, तीच घमेली, तळ्यापलीकडच्या खड्ड्यातून वाजतगाजत मिरवणूक निघाल्यासारखी राख परत येत होती. पोरं बाजूला उभी राहून हसत होती. मला मात्र हे पटेना. मी म्हटलं, "हे नाटक आहे. कंपनी लबाडी करते म्हणून आपणही करायची?"

"नाटक कशाचं?" ते म्हणाले. "सर्व्हेअर आला की मी पहिल्यांदा हेच सांगणार, की बाहेर नेलेलं परत आणलंय. काकी सांगतील. लपवायचं असतं तर दिवसाउजेडी आणलं असतं का, पत्रकबाई?"

तेव्हापासून मी पत्रकबाई झाले. माझं पत्रक त्यांनी स्टँडवर वाचलं होतं. कोटाच्या खिशातून घडी काढून त्यांनी ते माझ्या हातात दिलं. "चांगलं आहे. पण यात तुमच्या घरातली एकही वस्तू नाही. हे कुठल्याही घराला लागू पडतं. म्हणून कंपनीला याची भीती नाही."

मला राग आला. आजही त्या वाक्याचा थोडा राग आहे, पण तेव्हापासून मी लिहिलेलं एकही पत्रक नुसत्या ‘गोरगरिबां’वर संपलेलं नाही. मिठागरावरच्या मजुरांसाठी लिहिलं तेव्हा आधी त्यांच्या तळपायांच्या भेगांबद्दल लिहिलं. ते पत्रक शेठनी कुणाला वाचून दाखवलं नाही.

राख एका बाजूला पसरली गेली. त्यातून बिजागऱ्या निघाल्या, कडीकोयंडे निघाले, शिवणाच्या मशिनचं चाक निघालं, पलंगाचे लोखंडी कोपरे, आणि एक पितळेचा गोळा. ही आमची समई होती हे आईने तिच्या चोचीवरून ओळखलं. प्रत्येक वस्तू कुठे होती ते ठरवायचं, तर राखेवाल्यांनी अण्णांना मागच्या दाराशी उभं केलं.

"मास्तर, डोळे मिटा. आता आत या. काय दिसतं?"

"काही विशेष नाही," अण्णा म्हणाले.

"विशेष नकोच. साधंच सांगा. पाट किती?"

"पाच."

"कुठे?"

"चुलीच्या उजव्या हाताला, भिंतीला टेकून." अण्णा थोडं थांबले. "त्यातला एक डुगडुगतो. तो माझा."

मी त्या घरात लहानाची मोठी झाले. अण्णा कायम डुगडुगणाऱ्या पाटावर बसत, म्हणजे तो दुसऱ्या कुणाच्या वाट्याला येऊ नये, हे मला त्या दिवशी कळलं. राखेवाल्यांनी राखेतला एक कोळसा उचलून अण्णांच्या हातात दिला. "तुम्ही चित्रकलेचे ना? बोलवत नसेल तर काढा."

आणि अण्णांनी काढलं. आमच्याच वाशांच्या कोळशाने, आमच्याच सारवलेल्या जमिनीवर, त्यांनी आमचं घर काढलं. मोरी, चूल, फळीवरचे डबे, आईचं मशिन, माडीचा जिना, पुढच्या खोलीतलं कपाट. गुडघ्यांवर रांगत काढत होते. आई मधून मधून म्हणायची, "ती पेटी इकडे नव्हती हो, खिडकीखाली." मग खोडून पुन्हा. संध्याकाळी प्रत्येक बिजागरी तिच्या जागेवर ठेवून झाली तेव्हा जळालेलं घर पुन्हा जमिनीवर अंथरल्यासारखं दिसत होतं.

पण काढता येणं निराळं आणि म्हणता येणं निराळं. कंपनीने फेरपाहणी कबूल केली होती, तीही राखेवाल्यांनी तीन पत्रं पाठवल्यावर. त्या दिवसासाठी अण्णांची तालीम सुरू झाली. राखेवाले स्वतः सर्व्हेअर व्हायचे. टोपी काढायचे, आवाजात साखर घालायचे.

"वा, मास्तर, चहा फक्कड झालाय. फार नुकसान नाही ना झालं?"

"छे, छे..."

छत्री जमिनीवर खाड्कन आपटायची. अण्णा दचकायचे.

"पुन्हा. मास्तर, तब्येत बरी दिसते. मग, थोडक्यात निभावलं म्हणायचं?"

"हो, तसं थो..."

खाड्.

आई पदर तोंडाला लावून हसायला लागली. आग लागल्यापासून ती पहिल्यांदा हसत होती. काकी भिंतीवरून ओरडल्या, "मास्तर, तुमच्या जागी मी बसू काय? मी सांगते बघा त्याला काय काय गेला ते." राखेवाले म्हणाले, "तुम्ही सांगाल काकी, पण मग कंपनी म्हणेल, घरही काकींचंच."

अशाच एका तालमीनंतर, मागच्या पायरीवर बसून तांब्यातलं पाणी पिताना, त्यांनी चहाचं कारण सांगितलं. आईनेच विचारलं होतं. कोटाच्या बाहीने तोंड पुसत ते म्हणाले, "वहिनी, मी वीस वर्षं कंपनीचाच सर्व्हेअर होतो. कुलाबा जिल्हा माझ्याकडे. एकदा एका म्हातारीचं घर जळालं होतं. एकटी होती. तिने शेजारणीकडून साखर आणून मला चहा दिला. म्हणाली, ‘काही गेलं नाही रे बाबा, बस, चहा घे.’ मी चहा प्यालो आणि तिचं वाक्य लिहून घेतलं. काही गेलं नाही. कंपनीने मान्य केलं." त्यांनी तांब्याची फिरकी घट्ट लावली. "पुढच्या साली मी नोकरी सोडली. इतकंच."

त्यावर आईने पुन्हा कधी चहा विचारला नाही.

फेरपाहणीला तो तरुण सर्व्हेअर आला आणि बरोबर त्याचा वरिष्ठ. मला वाटलं होतं, आता राखेवाले तुटून पडतील. मी तर घोषणाही तयार ठेवल्या होत्या. पण त्यांनी पाहुण्यांना सावलीत खुर्च्या दिल्या, शहाळी फोडली, वरिष्ठांच्या जुन्या दुखऱ्या गुडघ्याची चौकशी केली. माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "घोषणा उद्या." मग उठून सरळ सांगितलं, सामान बाहेर नेलेलं होतं, परत आणून जागच्या जागी मांडलं आहे, नेणारे आणि आणणारे इथेच उभे आहेत.

"आमीच नेलेला, आमीच आणला," काकी म्हणाल्या. "शपथ घालायची तर घाला. पण सायबांनी आमचा चहा पिऊन आमच्या मास्तरांच्या नावावर काय लिवला, तो पण सांगा."

तरुण सर्व्हेअर टोपीशी चाळा करू लागला. वरिष्ठ मात्र मुरलेले होते. अण्णांकडे वळून अगदी राखेवाल्यांनी काढला होता त्याच आवाजात ते म्हणाले, "मास्तर, पहिल्या वेळी तुम्हीच म्हणाला होतात ना, फार काही गेलं नाही म्हणून?"

वखारीच्या भिंतीपलीकडे शेठ उभे होते. आई दाराची चौकट धरून उभी होती. मी राखेवाल्यांकडे बघितलं. ते दुसरीकडे, तळ्याच्या दिशेने बघत होते. छत्री हलत नव्हती.

अण्णांनी घसा साफ केला. "म्हणालो होतो," ते म्हणाले. "हे पाहुणे म्हणून चहाला बसले होते. पाहुण्याला तसंच म्हणतात. आज तुम्ही कंपनीचे म्हणून आलात, तर कंपनीला सांगतो. खूप गेलं."

आणि ते मागच्या दारापाशी गेले. तिथून आत आले. कोळशाच्या रेघांमधून चालत, एकेका वस्तूशी थांबत, अण्णांनी आमचं घर सांगितलं. पाटांपासून. आवाज चढवला नाही, एकही शब्द वाढवला नाही. वरिष्ठ मागून चालत होते, बिजागरी उचलून बघत होते, लिहीत होते. जिन्याशी आल्यावर अण्णा थांबले.

"माडीवर माझी चित्रं होती," ते म्हणाले. "नोकरीला लागल्यापासूनची. त्यांचा विमा नाही, ती लिहू नका. पण गेली."

पेन्सिल थांबली. ही ओळ तालमीत नव्हती. राखेवाल्यांनी आपली करपलेल्या कडेची टोपी काढून हातात घेतली होती.

भरपाई सगळी मिळाली नाही. जुन्या लाकडाचं म्हणून कापलं, कौलांचं म्हणून कापलं. त्याबद्दल मी कंपनीला आजही माफ केलेलं नाही. पण जी मिळाली तिच्यात पुढचं घर उभं राहिलं, माडी नाही झाली. शेठ कित्येक दिवस अण्णांना रामराम करेनात, आणि अण्णांना त्याचंच वाईट वाटत राहिलं.

शेवटचं कौल बसलं त्या दिवशी राखेवाले आले. मागच्या दाराने. वर बघितलं, छपराला छत्रीचं टोक लावून बघितलं, मग पाटावर बसले आणि स्वतःहून म्हणाले, "वहिनी, चहा टाका." आईने आधी देवाला साखर ठेवली, मग आधण ठेवलं. दोन कप प्यायले. मग आपला दहावा हिस्सा मागून घेतला. लाजले नाहीत, आम्हीही लाजलो नाही.

लोक मला विचारतात, तू एवढी नफेखोरीविरुद्ध बोलतेस, मग एका मध्यस्थाचं कौतुक का करतेस? स्पष्ट उत्तर देते. स्वतःच्या घराबद्दल खरं बोलायला माणसाला पैसे देऊन दुसरा माणूस आणावा लागतो, ही व्यवस्था मला मान्य नाही, आणि ती बदलेपर्यंत मी गप्प बसणार नाही. पण ती बदलायच्या आत आमच्या डोक्यावर छप्पर आलं ते या माणसामुळे. माझ्या वडिलांचा जो आवाज मी कधी ऐकला नव्हता तो मला ऐकवला याच माणसाने. त्याचे उपकार मी दहाव्या हिश्शात फिटले असं मानत नाही.

पुढे काही वर्षांनी एसटीच्या कंडक्टरकडून कळलं, की आपट्याला राखेवाल्यांच्या शेजारची पेंढ्याची उडवी पेटली आणि त्यांचं घर त्यात गेलं. अण्णा म्हणाले, "चल." आम्ही दुपारच्या गाडीने गेलो.

राखेवाले पुढच्या ओट्यावर शेजाऱ्यांनी दिलेल्या बाजेवर बसले होते. टोपी डोक्यावर, छत्री मांडीवर. मागे घर अर्धं उघडं पडलं होतं, आणि त्याची जमीन स्वच्छ झाडलेली होती. राख नाही, कौल नाही, काही नाही.

माझी नजर त्यांनी पकडली. "शेजाऱ्यांनी झाडलं," ते म्हणाले. "इतक्या मायेने आले होते, मला नाही म्हणवेना."

मी हसू की काय करू, मला कळेना.

"विमा आहे ना?" अण्णांनी विचारलं.

"आहे तर. कंपनीचा मुलगा येऊन गेला. चांगला मुलगा आहे." मग हात झटकत म्हणाले, "मास्तर, एकटा माणूस मी. फार काही गेलं नाही." आणि शेजारणीला हाक मारली, "अहो, पाहुणे आलेत, जरा चहा."

अण्णा बसले नाहीत. "चहा नंतर," ते म्हणाले. माझ्या वडिलांनी कुणाचा चहा नाकारलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. "उठा. मागच्या दाराने जाऊ."

"मास्तर, अहो, हे काम मी..."

"उठा."

ते उठले. आम्ही घराला वळसा घालून मागे गेलो. तिथे झाडू पोचलेला नव्हता, पायरीवर कोळसे पडलेले होते. नदीवरून वारा येत होता. राखेवाले मागच्या दाराशी उभे राहिले, त्यांच्यापुढे कितीतरी घरांची माणसं उभी राहिली होती तसे.

"डोळे मिटा," अण्णा म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. मग डोळे मिटले.

"पाट किती?"

हातातली छत्री थोडी हलली आणि थांबली.

"दोन," ते म्हणाले. "एक माझा. एक समोर मांडायचो."

अण्णांनी खाली वाकून कोळशाचा तुकडा उचलला.